वेडाचे कारण आणि कथेची सोय

चित्रपट आणि साहित्य यांचे नाते शिकवताना आम्ही काही वर्षे असित सेन यांचा 'खामोशी' (१९६९) वर्गात दाखवत आलो. तो निवडण्याची कारणे उघड होती. आशुतोष मुखोपाध्याय यांची बंगाली कथा, तिच्यावरचा सेन यांचाच 'दीप ज्वेले जाई' (१९५९) आणि दहा वर्षांनी त्याचा हिंदी अवतार. माध्यमांतराच्या चर्चेला याहून सोयीचे उदाहरण कोणते असणार? शिवाय कृष्णधवल छायाप्रकाश, हेमंतकुमारांचे संगीत आणि वहिदा रहमान यांचा चेहरा. चर्चा रंगत असे. पांढरा गणवेश कशाचे प्रतीक, ही 'खामोशी' नेमकी कोणाची, प्रेम हा उपचार की प्रेम हाच आजार, अशा प्रश्नांनी फळा भरून जाई आणि आम्ही समाधानाने खडू खाली ठेवत असू.

एका वर्षी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली. चर्चेत ती एक शब्दही बोलली नव्हती. "सर, माझ्या दादाचं काहीच झालं नव्हतं," ती म्हणाली. आम्हांला अर्थ लागेना. मग तिने सांगितले, की बारावीनंतर तो हळूहळू घरात बसू लागला, पुढे भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतात असे म्हणू लागला. निदान व्हायला चार वर्षे गेली. "प्रेमभंग नाही, कुणी वारलं नाही, नापासही झाला नव्हता. आई मात्र अजून शोधतेय, काय झालं असेल ते. तिला वाटतं, काय झालं ते सापडलं की तो बरा होईल."

आम्ही तिला काय उत्तर दिले ते सांगण्याजोगे नाही, कारण उत्तर असे काही दिलेच नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ती माउली जे शोधत होती ते शोधायला तिला कोणी शिकवले? आमचा आरोप असा, की आपल्या चित्रपटांनी शिकवले. आणि त्या चित्रपटांना 'अभिजात' म्हणून वर्गात बसवणाऱ्या आमच्यासारख्यांनी त्या शिकवणीवर शिक्का मारला.

सूत्र फार सोपे आहे. माणूस काहीतरी गमावतो, म्हणून त्याला वेड लागते. गमावलेले परत मिळाले, किंवा त्याच्या जागी दुसरे काही ठेवले, किंवा गमावल्या क्षणाची पुनरावृत्ती करून धक्का दिला, की वेड उतरते. हानी, वेड, भरपाई, शुद्ध. या चार पायऱ्यांवर हिंदी चित्रपटाने निदान साठ वर्षे काढली आहेत.

'खिलौना' (१९७०) पाहा. प्रेयसीचे लग्न दुसऱ्याशी होते, ती आत्महत्या करते आणि संजीवकुमारचा कवीमनाचा विजय वेडा होतो. डॉक्टरांच्या सल्ल्यावरून ठाकूर घराणे एका तवायफेला पैसे देऊन त्याची 'पत्नी' म्हणून घरी आणते. वेडाच्या भरात तो तिच्यावर बलात्कार करतो, तिला दिवस जातात. पुढे प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू डोळ्यांदेखत घडल्यावर तो एका क्षणात शुद्धीवर येतो आणि तिला ओळखत नाही. चित्रपटाला त्या वर्षीचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. वेड हे येथे पाण्याच्या नळासारखे आहे. एका धक्क्याने सुरू होते, दुसऱ्या धक्क्याने बंद होते. मधल्या काळात त्या स्त्रीच्या शरीराचे काय झाले, हा प्रश्न त्यागाच्या महावस्त्राखाली झाकला जातो.

'क्योंकि' (२००५) मध्ये प्रेयसी पोहण्याच्या तलावात बुडते, नायक मनोरुग्णालयात पोचतो आणि डॉक्टरीणबाईंच्या प्रेमाने माणसात येऊ लागतो. 'खिलौना'पासून 'क्योंकि'पर्यंत पस्तीस वर्षांचे अंतर आहे. या काळात मनोविकारशास्त्रात किती औषधे आली, किती गृहीतके मोडीत निघाली, किती कायदे बदलले! पडद्यावरचे वेड मात्र जागचे हलले नाही. प्रियदर्शन यांच्याच 'भूलभुलैया'त (२००७) मानसोपचारतज्ज्ञ भुताचे अस्तित्व नाकारतो, आजाराचे नाव सांगतो, आणि मग शेवटी मांत्रिक-मंडळींच्या साक्षीने एका पुतळ्याचा खून घडवून आणून रुग्णाला बरे करतो. म्हणजे निदान विज्ञानाचे आणि उपचार देवळातला. फाझिल यांच्या मूळ मल्याळम 'मणिचित्रताळ'चीही (१९९३) हीच रचना. तिथे ती अधिक कसबी हातांनी झाली आहे एवढेच.

येथे कोणी म्हणेल, की हे सारे व्यावसायिक चित्रपट, यांच्याशी भांडण ते काय करायचे? म्हणून गंभीर चित्रपटाकडे वळू. जाहनू बरुआ यांचा 'मैंने गांधी को नहीं मारा' (२००५) साहित्याच्या शिक्षकाला तर आतून हलवतो, कारण त्याचा नायक हिंदीचा निवृत्त प्राध्यापक आहे. विसरणे सुरू होते. वर्तमानपत्रावर कोणी राखेचे भांडे ठेवले एवढ्यावरून घरात काहूर उठते. मुलीचे ठरत आलेले लग्न, मुलांची चिडचिड, बापाविषयीची लाज आणि त्या लाजेची लाज, हा पूर्वार्ध आम्ही पाहिलेल्या अत्यंत खऱ्या चित्रणांपैकी एक आहे. आणि मग चित्रपटाचा धीर सुटतो. स्मृतिभ्रंशाला नुसते घडू देणे त्याला जमत नाही. प्राध्यापकांच्या बालपणातला एक खेळ आणि त्यातून बसलेला अपराधाचा डाग शोधून काढला जातो, खोटे न्यायालय उभारले जाते, खटला चालतो आणि प्राध्यापक निर्दोष ठरतात. देशाने गांधींना भिंतीवर टांगून विसरून टाकले, हे चित्रपटाला सांगायचे होते. सांगावे. पण त्यासाठी मेंदूच्या झिजेला बालपणीचे कारण आणि नाट्यमय तोडगा देण्याचा हक्क त्याला कोणी दिला? ज्यांच्या घरी असा बाप आहे त्यांना ठाऊक असते, की कोणतेही न्यायालय भरवले तरी तो उद्या सकाळी पुन्हा मुलीला नाव विचारणार आहे.

चांगल्या, अभ्यासू, संवेदनशील कलावंतांनाही हा मोह का आवरत नाही? आमच्या मते याचे उत्तर कथेच्या स्वभावात आहे. कथेला कारण लागते. राजा मेला आणि मग राणी मेली, एवढे कथेला पुरत नाही. दोन घटनांमध्ये दुःखाचा दोरा ओवावा लागतो, हे आम्हीच पहिल्या वर्षाच्या मुलांना फॉर्स्टरचे नाव घेऊन शिकवतो. आजाराला असा दोरा बहुधा नसतो. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया साधारणपणे पौगंडावस्थेच्या अखेरीपासून तिशीच्या सुमारापर्यंत डोके वर काढतो. त्यामागे आनुवंशिकता असते, मेंदूच्या वाढीतले फरक असतात, परिस्थितीचे ताणही असतात. पण यांतल्या कोणत्याही एकावर बोट ठेवून 'हेच कारण' असे क्वचितच म्हणता येते. आघातांचा काही संबंधच नसतो असा आमचा दावा नाही. संकटे, अत्याचार, वियोग यांमुळे मनोविकारांचा धोका वाढतो, हे मान्यच आहे. परंतु 'धोका वाढतो' आणि 'म्हणून वेड लागले' या दोन वाक्यांमध्ये जे अंतर आहे, त्यातच लाखो घरे राहतात.

रंगभूमीचा वारसाही आहे. ऑफेलियाचे वेड बापाच्या मृत्यूने येते आणि लिअरचे मुलींच्या कृतघ्नतेने. आगरकरांनी 'हॅम्लेट' मराठीत आणताना त्याला 'विकारविलसित' हे नाव दिले, त्या नावातच विकाराचा विलास आहे. 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांपर्यंत हा विलास आपल्याला भुरळ घालत आला. रंगमंचावरचे वेड नेहमी बोलते, आणि शहाण्यांपेक्षा सुंदर बोलते. प्रत्यक्षातला आजार पुष्कळदा भाषाच काढून घेतो: वाक्ये आखूड होतात, चेहरा सपाट होतो, दिवसच्या दिवस अंथरुणात जातात. त्यात स्वगत नसते. ज्या आजाराला स्वगत नाही, तो आपल्या नाटकाला आणि चित्रपटाला दिसतच नाही.

आणि भाषा? मराठीत 'वेड' हा शब्द प्रेमासाठी, भक्तीसाठी, छंदासाठी सर्रास आणि लाडाने वापरला जातो. २०२२ साली आलेल्या एका गाजलेल्या मराठी प्रेमपटाचे नावच 'वेड' होते आणि त्यात कोणाला काही खटकले नाही. खटकावे असे आम्हीही म्हणत नाही. पण हाच शब्द दुसऱ्या टोकाला 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' अशा विनोदांत जातो. ठाणे आणि येरवडा ही गावे आहेत, तिथे शासकीय मनोरुग्णालये आहेत आणि त्यांत माणसे आहेत, हे विनोद करणाऱ्याच्या ध्यानीही नसते. वेडाचा लाड आणि वेडाची थट्टा यांच्यामध्ये आजारासाठी जागाच उरलेली नाही.

सिग्मंड फ्रॉइडने १९१७ साली 'शोक आणि विषण्णता' या विषयावर निबंध लिहिला. तो साहित्याच्या अभ्यासक्रमांत हमखास नेमला जातो, म्हणून त्याची आठवण करून देतो. शोकात जग रिते होते, विषण्णतेत 'मी'च रिता होतो, हा त्याचा भेद प्रसिद्ध आहे. पण त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे, की विषण्ण माणसाला आपण काय गमावले हे पुष्कळदा सांगताच येत नाही. फ्रॉइडचे सगळे सिद्धांत आज कोणी जसेच्या तसे मानत नाही. शोक कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, याविषयी मनोविकारशास्त्रात अजूनही वाद आहे. २०२२ मध्ये अमेरिकन वर्गीकरणात 'दीर्घकाळ रेंगाळणारा शोक' हा स्वतंत्र विकार म्हणून दाखल झाला, तेव्हा दुःखाला रोग ठरवले जात आहे अशी टीकाही झाली. म्हणजे शास्त्र निदान सीमारेषेवर उभे राहून भांडते तरी. आपल्या चित्रपटाला सीमारेषाच नाही. तिथे शोक पुरेसा मोठा झाला की वेड होतो, आणि वेडाला खरवडले की खाली शोक सापडतो.

यात दोघांचाही अपमान आहे. आजाराचा अपमान असा, की कारणावाचून तो खरा मानला जात नाही. आणि शोकाचा अपमान असा, की वेड लागल्यावाचून तो मोठा मानला जात नाही. ज्या बाईचा मुलगा गेला आणि जी तेराव्या दिवसानंतर उठून पुन्हा भाकऱ्या थापू लागली, तिच्या दुःखाला पडद्यावर जागा नाही.

'खामोशी'चा शेवट याच दृष्टीने पुन्हा पाहावा असे आम्ही सुचवतो. रुग्णावर प्रेमाचा प्रयोग करायचा, तो बरा झाला की त्याला सोडून द्यायचे, हे काम नर्स राधा दुसऱ्यांदा करते आणि शेवटी स्वतःच त्या खोलीत रुग्ण म्हणून जाते. शुश्रूषा करणाऱ्याचे नुकसान कोणाच्याच हिशेबात नसते, हे केवढे मोठे सत्य या चित्रपटाच्या हाती लागले होते! राधा खोटे प्रेम करत नव्हती. तिने खरोखरच काही गमावले होते. पण ते नुकसान दाखवण्यासाठी चित्रपटाकडे एकच भाषा होती. तिला वेड लावणे. ती उद्या पुन्हा कामावर आली असती, तिसऱ्या रुग्णाचे तापमान घेतले असते, तर आपल्याला ते दुःख दिसले नसते, अशी त्याला भीती वाटली. आमच्या विद्यार्थिनीची आई रोज उद्या पुन्हा कामावर जाते.

'सदमा' (१९८३) या बाबतीत थोडा शहाणा आहे. तिथे बरी झालेली नायिका गाडीच्या खिडकीतून फलाटावरच्या त्या माणसाच्या माकडचेष्टा पाहते आणि त्याला वेडा भिकारी समजते. शोक हा बाहेरून वेडासारखा दिसतो. तो वेड नसतो. बालू महेंद्र यांना हे कळले होते. मात्र तिच्या आजाराचे काय? एका वैद्याच्या उपचाराने तो नाहीसा होतो, कारण कथेला आता त्याची गरज उरलेली नाही.

आता नेहमीचा आक्षेप. चित्रपट म्हणजे वैद्यकाचे पाठ्यपुस्तक नव्हे. कलेतले वेड हे रूपक असते. रूपकाकडे निदानाचे प्रमाणपत्र मागणे ही अरसिकता. हा आक्षेप आम्ही स्वतः वर्षानुवर्षे वर्गात ऐकवलेला असल्यामुळे त्याची ताकद आम्हांला ठाऊक आहे. पण सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये क्षय आणि कर्करोग यांच्याविषयी जे दाखवून दिले, ते मनोविकाराला दसपटीने लागू पडते. रूपकाची किंमत रूपक करणारा देत नाही, आजारी माणूस देतो.

ती किंमत कशी वसूल होते ते सांगतो. कारण असले की कारणीभूतही असतो. 'काय झाले' या प्रश्नामागोमाग 'कोणामुळे झाले' हा प्रश्न येतोच, आणि त्याचे बोट बहुधा आईकडे किंवा बायकोकडे वळते. शास्त्रानेही हे पाप केले आहे. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान यांनी मुलात छिन्नमनस्कता निर्माण करणाऱ्या आईची संकल्पना मांडली आणि पुढची कित्येक वर्षे अमेरिकेतल्या आया अपराधी म्हणून जगल्या. शास्त्राने ती संकल्पना पुढे टाकून दिली. चित्रपटाला असे काही मागे घ्यावे लागत नाही. तो दर रविवारी दूरचित्रवाणीवर पुन्हा लागतो.

आणि प्रेम हा उपचार ठरला, की लग्न हे औषध ठरते. 'लग्न करून द्या, सगळं ठीक होईल,' हे वाक्य आपल्या गावाशहरांत कोणत्या घराने ऐकलेले नाही? 'खिलौना'तले ठाकूर जे करतात तेच हजारो घरांत घडते; फरक इतकाच, की पडद्यावरच्या स्त्रीला निदान व्यवहार सांगितलेला असतो. प्रत्यक्षातल्या मुलीला लग्नानंतर उशीखाली गोळ्या सापडतात.

एक उदाहरण याहूनही जड आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी येथे एका खाजगी मनोरुग्णगृहाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले असल्यामुळे पळू शकले नाहीत. २८ माणसे गेली. सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २००३ च्या ऑगस्टमध्ये 'तेरे नाम' प्रदर्शित झाला. डोक्याला मार लागलेला नायक, मुंडण केलेले डोके, साखळदंड, आश्रम. बालाच्या तमिळ 'सेतु'चा (१९९९) हा अवतार असल्यामुळे कथा आगीच्या आधीची आहे, हे खरे. पण एरवाडीनंतर त्या साखळ्या नुसत्या साखळ्या राहिल्या नव्हत्या. प्रेक्षकांनी मात्र त्यांत प्रेमाची पराकाष्ठा पाहिली, आणि गल्लोगल्लीच्या पोरांनी नायकासारखे केस वाढवले. प्रेयसी गेली म्हणून नायक स्वतःच्या पायांनी साखळ्यांकडे परत जातो. जी गोष्ट माणसाला माणसातून उठवते ती येथे प्रेमाचा अलंकार झाली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. अलंकारावर बंदी घालणारा कायदा नसतो. ते काम समीक्षेचे होते आणि ते आम्ही केले नाही.

मग चित्रपटाने मनोविकार दाखवूच नये काय? आम्ही तसे म्हणत नाही. उलट या विषयावर भारतात जे थोडे प्रामाणिक काम झाले आहे, त्यातला मोठा वाटा मराठीचा आहे, आणि तो सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा आहे. 'देवराई' (२००४) मधल्या शेषला स्किझोफ्रेनिया आहे. अतुल कुलकर्णींचा शेष हुशार आहे, चिडका आहे, घरात नकोसा होणारा आहे. चित्रपटाचे खरे धैर्य मात्र त्याच्या बहिणीच्या चित्रणात आहे. भावावरची माया आणि 'हा आता किती दिवस आपल्याकडे' हा प्रश्न या दोन्ही गोष्टी तिच्या चेहऱ्यावर एकाच वेळी दिसतात, आणि चित्रपट तिला त्याबद्दल शिक्षा करत नाही. दोष नाहीत असे नाही. डॉक्टर बोलू लागले की मधूनमधून माहितीपट सुरू झाल्यासारखे वाटते. पण रूपकाने माणूस गिळण्यापेक्षा माहितीने प्रसंग थोडा अडणे आम्ही शतपटीने पत्करू.

त्यांच्याच 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री एका हत्तीच्या मागे निघून जातात. 'मैंने गांधी को...' आणि 'अस्तु' हे लागोपाठ पाहावेत. दोन्हींत प्राध्यापक, दोन्हींत मुलगी. बरुआ कारण शोधतात. भावे-सुकथनकर शोधत नाहीत. शास्त्रीबुवांना काय झाले हा प्रश्न बाजूला राहतो आणि जे उरले आहेत त्यांच्याशी कसे वागायचे हा प्रश्न समोर येतो. मुलगी इरा तो पूर्वायुष्याच्या आठवणींसह सोडवू पाहते, म्हणून तिला तो जड जातो. अमृता सुभाषने साकारलेल्या माहुताच्या बायकोला ते पूर्वी कोण होते हे माहीतच नाही. ती समोरच्या म्हाताऱ्याला लेकरासारखे जेवू घालते. अमेरिकेतल्या पॉलीन बॉस यांनी ज्याला संदिग्ध वियोग म्हटले, तो येथे आहे. माणूस समोर बसलेला असतो आणि गेलेला असतो. त्याचे सुतक नसते, दहावे-तेरावे नसते, भेटायला कोणी येत नाही. मनोविकाराशी जोडलेली खरी हानी ही आहे. ती आजाराच्या आधी घडलेली नसते. आजारासोबत रोज थोडी थोडी घडत असते. साठ वर्षे आपला चित्रपट हानी शोधत भूतकाळात हिंडला, आणि ती समोरच्या खोलीत बसलेली होती.

अपर्णा सेन यांच्या '१५ पार्क अव्हेन्यू'लाही (२००५) हे अर्धे कळले आहे. मिठीवर झालेल्या अत्याचारानंतर तिचा आजार उफाळतो, म्हणजे सूत्राचे बोट पुरते सुटलेले नाही. पण आजाराची चाहूल आधीपासून होती हेही चित्रपट सांगतो. आणि शबाना आझमींची थोरली बहीण, जी भौतिकशास्त्र शिकवते, घर चालवते, धाकटीच्या पाठी धावते आणि मधूनच तिच्यावर ओरडते, ती आमच्या मते या चित्रपटाचे खरे केंद्र आहे. समीक्षकांनी अर्थातच लिहिले ते शेवटाविषयी: मिठी कुठे गेली? ते घर खरे होते का? बहीण रस्त्यावर उभी राहिली, तिच्याविषयी लिहायला आम्हांला शब्द सुचले नाहीत.

'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळाले. 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट' यांच्यानंतर हा मान मिळवणारा तो पाचवा मराठी चित्रपट. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण कोकणकिनाऱ्यावरच्या एका घरात येऊन पडतो. घरातली जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती त्याला 'काय झालं?' असे विचारत नाही. जेवायला ठेवते, दार उघडे ठेवते, वाट पाहते. त्याच्या आयुष्याचे तुकडे पुढे आपल्याला दिसतात, पण त्यांतल्या एकाही तुकड्याला 'हे ते कारण' म्हणून उचलून धरले जात नाही. कासवाचे रूपक जरा जास्तच हाताशी ठेवलेले आहे, असे आमच्यातल्या काहींना वाटते. वाटो. 'काय झालं' न विचारण्याची सभ्यता आपल्या पडद्यावर क्वचितच दिसली आहे, आणि ती शिकण्यासारखी आहे.

आता शेवटचा हिशेब आमच्याशी. वेड्याची भूमिका म्हटली, की आपले परीक्षणकार अभिनयाचे कौतुक सुरू करतात: काय ते डोळे, काय ते हसणे, केवढा अभ्यास! जणू आजार म्हणजे नटाने चढायचा एक सुळका. आणि आम्ही शिक्षक प्रतीकांची यादी करतो. बर्गमनच्या 'थ्रू अ ग्लास डार्कली' (१९६१) मध्ये एक कादंबरीकार बाप आहे. त्याच्या मुलीला मनोविकार आहे. तिच्या ढासळण्याचे आपण निरीक्षण करावे, त्याचा लेखनासाठी उपयोग करावा, अशी इच्छा तो रोजनिशीत लिहितो, आणि मुलगी ती रोजनिशी वाचते. त्या दृश्यात आम्हांला आमचा वर्ग दिसतो. फळ्यावर प्रतीकांची यादी आहे आणि तिसऱ्या बाकावर कोणीतरी ती वाचते आहे.

'खामोशी' आम्ही अजूनही दाखवतो. पण आता त्याच्या आधी 'अस्तु' दाखवतो, आणि पहिला प्रश्न प्रतीकांविषयी विचारत नाही. राधा दुसऱ्या दिवशी कामावर आली असती, तर तो चित्रपट कसा झाला असता, असे विचारतो. बहुतेक मुले म्हणतात, मग कथाच उरली नसती. आम्ही म्हणतो, ती कथा लिहा.

त्या विद्यार्थिनीने पुढे एम.ए. पुरे केले. दादा औषधे घेतो, सकाळी बापाबरोबर दुकानात बसतो, काही दिवस बसत नाही. आई अजून शोधते का, हे विचारायचे धाडस आम्हांला झाले नाही. शोधत असेल तर त्यात तिची चूक नाही. तिला कारण देऊ करणारे पुष्कळ होते. 'काहीच झालं नव्हतं, आणि तरीही हे झालं आहे' असे सांगणारी एक गोष्ट तिला आयुष्यात कोणी ऐकवली असती, तर तिच्या शोधाची काही वर्षे वाचली असती. तेवढे काम साहित्याचे आणि चित्रपटाचे होते.